पॅरिसचे गावकूस आणि कॅमेऱ्याची मालकी

1954 च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी आपल्या तत्त्वज्ञानाबद्दल एक गोष्ट निक्षून सांगितली. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलेली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. चळवळीतल्या बहुतेक तरुणांना हे विधान तोंडपाठ आहे. दर चौदा एप्रिलला ते कुठल्या ना कुठल्या फलकावर असतेच. पण त्याच्या पुढचा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या देशाने हे तीन शब्द शाळांच्या आणि नगरपालिकांच्या दारांवर कोरले, त्या देशात त्यांचे पुढे काय झाले?

राज्यक्रांती 1789 ची. फ्रेंच वसाहतींमधली गुलामगिरी रद्द झाली 1794 मध्ये. नेपोलियनने ती 1802 मध्ये परत आणली आणि कायमची गेली ती 1848 मध्ये. इतिहासाच्या पुस्तकातली ही तीन-चार सालेच पुरेशी बोलकी आहेत. पण आम्हाला आज वेगळ्या वाटेने जायचे आहे. समता घटनेत असते की नाही हे कायदा वाचून कळते. ती रस्त्यावर, शाळेत आणि प्रेमात असते की नाही हे कळायला तरुण माणसांच्या गोष्टी पाहाव्या लागतात. कोणी कोणावर प्रेम करायचे, मैत्री कुठपर्यंत न्यायची आणि मोठेपणी काय व्हायचे याची स्वप्ने किती मोठी पाहायची, या तीन ठिकाणी व्यवस्था उघडी पडते. फ्रेंच सिनेमात या तीन गोष्टींची सत्तरेक वर्षांची नोंद आहे. ती नोंद कोणी केली, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

सुरुवात एका बंदीपासून करावी लागते. 1934 मध्ये फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी एक फर्मान काढले. ते लावाल या मंत्र्याच्या नावाने ओळखले जाते. वसाहतीत चित्रीकरण करायचे तर आधी सरकारची परवानगी घ्यायची, पटकथा आणि त्यात कोण काम करणार हेही सरकारला दाखवायचे, असा त्याचा अर्थ होता. आफ्रिकी माणसाने स्वतःच्या गावाचे चित्र काढायचे तर साहेबाला विचारून काढायचे. 1955 साली पॅरिसच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत शिकलेल्या पॉलां सुमानू व्हियेरा आणि त्यांच्या मित्रांना आफ्रिकेत चित्रीकरण करू दिले गेले नाही. मग त्यांनी पॅरिसमध्येच कॅमेरा लावला. 'आफ्रिक-सुर-सेन' हा त्यांचा वीस-एकवीस मिनिटांचा चित्रपट. सेन नदीच्या काठी राहणारी आफ्रिकी तरुण मुले-मुली, त्यांचे भटकणे, नाचणे, गोऱ्या मुलींबरोबरचे प्रेम, एकटेपणा. राज्यकर्त्यांच्या राजधानीत, राज्यकर्त्यांकडेच रोखलेला हा कॅमेरा होता. आफ्रिकी लोकांनी बनवलेल्या पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. चित्रपटाच्या इतिहासाच्या वर्गात मात्र पन्नाशीतल्या फ्रान्सचे नाव निघाले की सगळे 'न्यू वेव्ह'कडे धावतात.

न्यू वेव्हला आमचा विरोध नाही. फ्रान्स्वा त्रुफोचा 1959 चा 'द फोर हंड्रेड ब्लोज' आम्हाला मनापासून आवडतो. आंत्वान हा घरात नकोसा, शाळेत मार खाणारा बारा-तेरा वर्षांचा पोरगा. तो टाइपरायटर चोरतो, पकडला जातो, सुधारगृहात जातो, तिथून पळतो आणि समुद्रापर्यंत पोहोचतो. त्रुफो स्वतः असाच वाढला होता, त्यालाही लहानपणी सुधारगृहात ठेवले गेले होते. त्याला हात देणारा समीक्षक आंद्रे बाझां भेटला आणि त्याचा दिग्दर्शक झाला. व्यवस्थेबाहेरचा मुलगा पडद्यावर नायक झाला, ही गोष्ट लहान नाही. पण हेही लक्षात ठेवायला हवे की तो बाहेरचा असला तरी गोरा होता, पॅरिसच्या आतला होता.

कारण त्याच वर्षांत पॅरिसच्या कडेला, नांतेरमध्ये, अल्जीरियातून आणलेले मजूर चिखलात झोपड्या बांधून राहत होते. मोटारीच्या कारखान्यात त्यांचे हात हवे होते, शहरात ती माणसे नको होती. 17 ऑक्टोबर 1961 च्या रात्री संचारबंदीच्या विरोधात ते शांततेने पॅरिसमध्ये उतरले तेव्हा पोलिसांनी त्यांना मारले, काहींना सेन नदीत फेकले. व्हियेराच्या चित्रपटातली हीच ती नदी. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. जाक पानिझेल या शास्त्रज्ञाने त्यावर लगेच 'ऑक्तोब्र आ पारी' हा माहितीपट केला. त्यावर बंदी आली. तो चित्रपटगृहांत रीतसर लागला 2011 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. गोदारचा अल्जीरियाच्या युद्धावरचा 'छोटा सैनिक' हाही 1963 पर्यंत अडकवून ठेवला होता. म्हणजे त्या काळच्या गोऱ्या दिग्दर्शकांपैकी कोणालाच काही दिसत नव्हते असे नव्हे. पण त्या युगाच्या प्रसिद्ध प्रेमकथांमध्ये अल्जीरियन पोरगा प्रेमात पडताना तुम्ही शोधून पाहा.

साठच्या दशकात दोन माणसांनी हा आरसा उलटा धरला. गोदी कामगार राहिलेल्या सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी 1966 मध्ये 'ला न्वार द...' केला. दियुआना ही डाकारची मुलगी फ्रेंच कुटुंबाबरोबर मोठ्या हौसेने फ्रान्सला जाते. तिला वाटते दुकाने पाहू, समुद्रकिनारा पाहू. तिच्या वाट्याला येते स्वयंपाकघर आणि मोरी. ती आत्महत्या करते. मॉरिटानियाच्या मेद होन्दो यांनी 1970 मध्ये 'सोलेइ ओ' पूर्ण केला. होन्दो स्वयंपाकी होते, गोदीत राबले होते. पुढे पोट भरायला ते हॉलिवूडच्या चित्रपटांना फ्रेंच आवाज देत. एडी मर्फीचा फ्रेंच आवाज होन्दोंचा होता. लाखो फ्रेंच प्रेक्षकांनी त्यांचा आवाज ऐकला, त्यांचे चित्रपट पाहिले नाहीत. यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

आता शब्दाबद्दल थोडे. पॅरिसभोवतालच्या वस्त्यांना फ्रेंचमध्ये 'बाँल्यू' म्हणतात. मध्ययुगात शहराच्या तटाबाहेरचा, साधारण एका कोसापर्यंतचा, पण शहराच्या हुकमतीखालचा पट्टा म्हणजे बाँल्यू. बाहेर राहायचे, पण हुकूम आतल्यांचा. आमच्या वाचकांना याचा मराठी प्रतिशब्द सांगायला नको. साठ-सत्तरच्या दशकात झोपडपट्ट्या हटवून तिथे दहा-पंधरा मजली सरकारी इमारती उभ्या केल्या गेल्या. पुढे कारखाने बंद पडत गेले आणि बेरोजगार तरुण त्याच इमारतींच्या जिन्यांत बसून राहिले. सगळेच बाँल्यू गरीब नाहीत, काही भाग चांगले श्रीमंत आहेत. पण आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर हाच जिना येतो.

या जिन्यातून 1983 मध्ये एक मोर्चा निघाला. लियाँजवळच्या मँगेत वसाहतीत तूमी जैजा हा तरुण पोलिसाच्या गोळीने जखमी झाला होता. दवाखान्यातून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ठरवले की दगडफेक करण्याऐवजी चालायचे. 15 ऑक्टोबरला मार्सेयहून मूठभर लोक निघाले, 3 डिसेंबरला पॅरिसला पोहोचले तेव्हा मोर्चात सुमारे एक लाख लोक होते. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी प्रतिनिधींना भेट दिली, स्थलांतरितांना दहा वर्षांचा रहिवासी परवाना मिळाला. मोर्चाचे नाव होते 'समतेसाठी आणि वंशवादाविरुद्ध'. वर्तमानपत्रांनी त्याला 'बरांचा मोर्चा' करून टाकले. 'बर' म्हणजे 'आराब' हा शब्द उलटा करून बनवलेला वस्तीतला शब्द. समतेची मागणी गेली आणि जमातीचे नाव उरले. नामांतराच्या लढ्याला ज्यांनी फक्त 'दलितांचा प्रश्न' म्हणून छापले, त्यांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

त्याच साली मेहदी शारेफची कादंबरी आली आणि 1985 मध्ये त्याने तिच्यावर स्वतःच चित्रपट केला, 'ल ते ओ आरेम दार्किमेद'. शारेफ अल्जीरियात जन्मला, लहानपणी फ्रान्सला आला, नांतेरच्या झोपडपट्टीत राहिला आणि अनेक वर्षे कारखान्यात हत्यारांना धार लावायचे काम करत राहिला. ढसाळ टॅक्सी चालवत होते हे आपण अभिमानाने सांगतो, तशीच ही गोष्ट. चित्रपटाचे नाव म्हणजे एक शाब्दिक चूक आहे. मास्तर 'आर्किमिडीजचा सिद्धान्त' म्हणतात आणि मागच्या बाकावरच्या पोराला ते 'आर्किमिडीजच्या जनानखान्यातला चहा' असे ऐकू येते. शाळा आणि वस्ती यांच्यातले अंतर एका विनोदात मावले आहे.

माजिद अल्जीरियन, पॅट गोरा. दोघेही बेकार, दोघे जिवलग. मेट्रोत माजिद एका माणसाचे पाकीट मारतो आणि हळूच पॅटकडे सरकवतो. त्या माणसाचा संशय अर्थातच माजिदवर. तो त्याला पकडतो, झडती होते, काहीच सापडत नाही. मग माजिद उलट त्यालाच झापतो की मी अरब दिसतो म्हणून धरलेस ना! गोऱ्या पॅटकडे कोणी पाहतही नाही. हा प्रसंग पाहताना हसू येते आणि मग हसू थांबते, कारण समाजाच्या पूर्वग्रहाचाच या पोरांनी धंदा केला आहे. शेवटी सगळे चोरीच्या गाडीतून समुद्रावर जातात. पोलीस येतात, बाकीचे पळतात, माजिद तिथेच बसून राहतो आणि पकडला जातो. पुढे रस्त्यावर पॅट उभा असतो. त्याला पळून जाता आले असते. तो हात करतो आणि स्वतःहून पोलिसांच्या गाडीत चढतो. त्रुफोचा आंत्वान समुद्रापाशी एकटा पोहोचला होता. शारेफच्या समुद्रावरून दोघे मिळून तुरुंगाकडे जातात. बंधुता हा शब्द आम्हाला फ्रेंच नगरपालिकांच्या दारांपेक्षा या गाडीत जास्त खरा वाटतो.

1995 चा 'ला एन', म्हणजे 'द्वेष', आपल्याकडच्या तरुणांनी पाहिलेला असतो. मात्यू कासोवित्झने तो लिहायला घेतला त्याला कारण घडले 1993 मध्ये. माकोमे एम'बोवोले या सतरा वर्षांच्या मुलाला पॅरिसच्या पोलीस ठाण्यात चौकशी चालू असताना डोक्यात गोळी लागली आणि तो मेला. चित्रपटात विंझ ज्यू, सईद अरब, ह्यूबेर काळा. एक दिवस, एक रात्र, पोलिसाचे हरवलेले पिस्तूल. शहरात साध्या वेशातले दोन पोलीस सईद आणि ह्यूबेरला खुर्चीला बांधून छळतात आणि तिसरा नवखा पोलीस बाजूला बसून पाहत असतो. मारणाऱ्यांपेक्षा तो शिकाऊ आम्हाला जास्त भीतिदायक वाटतो. संस्था अशीच चालू राहते, एक पिढी दुसरीला दाखवते. कान महोत्सवात याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. पंतप्रधान अलँ ज्यूपे यांनी मंत्र्यांसाठी खास खेळ ठेवला. मंत्री पाहून घरी गेले.

तरीही 'ला एन'च्या भक्तीत आम्ही सामील होऊ शकत नाही. एक, कासोवित्झ हा दिग्दर्शकाचा मुलगा, वस्तीतला नव्हे. त्याचा हेतू स्वच्छ आहे आणि काम उत्तम आहे, पण ती बाहेरून केलेली नोंद आहे. दुसरे कारण मोठे आहे. या चित्रपटात मुली जवळपास नाहीतच. तीन मुलांची चीड म्हणजे सगळ्या वस्तीची चीड, असे गृहीत धरले आहे. आपल्या मोर्चांच्या छायाचित्रांतही हाच घोटाळा असतो. मुली नाहीत म्हणून चित्रपटात प्रेमही नाही, आणि प्रेम नाही म्हणून व्यवस्थेचा सर्वांत नाजूक सांधा दिसतच नाही.

तो सांधा दाखवला अब्देलातिफ केशिशने. ट्युनिसमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षी नीसला आलेला हा माणूस. त्याचा 'लेस्कीव्ह' 2003 चा, अगदी कमी पैशात, सँ-दनीच्या वसाहतीत, बहुतेक नवख्या मुलांना घेऊन केलेला. गोष्ट इतकी साधी की सांगितली तर कोणी पाहायला येणार नाही. शाळेत मुले मारिवोचे 1730 चे नाटक बसवत आहेत. लिदिया ही वस्तीतलीच गोरी मुलगी त्यात दासीची भूमिका करते. क्रिमो हा अबोल अरब मुलगा तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्याजवळ जायला मिळावे म्हणून तिच्यासमोरची भूमिका ज्या मुलाकडे आहे त्याला बूट वगैरे देऊन ती भूमिका विकत घेतो. पण त्याला ते जुने, नटवे फ्रेंच बोलताच येत नाही.

आता ते नाटक काय आहे ते पाहा. सिल्व्हिया आणि दोराँत या खानदानी घरांतल्या दोघांचे लग्न ठरते आहे. एकमेकांना पारखायचे म्हणून ती दासीच्या वेशात जाते आणि तिची दासी मालकिणीच्या. तिकडे तोही नोकराच्या वेशात येतो आणि त्याचा नोकर मालकाच्या. सगळे वेश उलटेपालटे. तरीही प्रेम कोणाचे कोणाशी जमते? मालकाचे मालकिणीशी, नोकराचे दासीशी. वेश बदलला तरी रक्त रक्ताला ओळखते, असा त्या विनोदी नाटकाचा गोड निष्कर्ष आहे. चित्रपटातली शिक्षिका हेच मुलांना समजावून सांगते की माणूस आपल्या सामाजिक जन्मातून सुटत नाही.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांनी इथे थांबावे. पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की जातीचा गाभा विटाळात किंवा व्यवसायात नाही, तो गटाच्या आतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. ही सक्ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उभ्या राहिल्या. म्हणजे 'आपल्यातल्यांचेच आपल्यातल्यांशी जमते' ही काही निसर्गाची किमया नाही. ती राबवावी लागते, बायकांवर पहारा ठेवून राबवावी लागते. मारिवोचे नाटक त्या राबवण्याला प्रेमाचे नाव देते. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी फ्रेंच शाळा तेच नाटक स्थलांतरितांच्या मुलांकडून पाठ करून घेते आहे आणि त्यातल्या एका मुलाला नेमके आपल्या गटाबाहेर प्रेम झाले आहे. केशिशने हे कुठेही बोलून दाखवलेले नाही. तो नुसता शिक्षिकेचा आवाज चढत जाताना दाखवतो. ती क्रिमोवर ओरडते की मोकळा हो, स्वतःतून बाहेर ये, मजा घे! सामाजिक जन्मातून सुटका नाही हे शिकवणारी तीच, आणि सुटत का नाहीस म्हणून वैतागणारीही तीच. क्रिमो तालीम सोडून निघून जातो.

आम्ही हा चित्रपट एका वस्तीतल्या अभ्यासवर्गात दाखवला तेव्हा पोरांना सुरुवातीला त्यातली अखंड भांडणे ऐकून कंटाळा आला. पण पोलिसांचा प्रसंग आला आणि खोलीत कोणी हलले नाही. मुले गाडीत बसून प्रेमाच्या निरोपाची चर्चा करत असतात, तेवढ्यात पोलीस येतात, सगळ्यांना बाहेर ओढून गाडीवर दाबतात. त्यांच्याकडे मारिवोचे पुस्तक आहे याने काहीही फरक पडत नाही. चित्रपट संपल्यावर बारावीतल्या एका मुलीने विचारले, "मग क्रिमोने ते संवाद पाठ केले असते तर त्याला ती मिळाली असती का?" तासभर वाद चालला. उत्तर निघाले नाही.

एक फरक इथे नोंदवायलाच हवा, नाहीतर आपण भलत्या तुलना करत बसू. वंश म्हणजे जात नव्हे. स्थलांतरितांच्या मुलांची मिश्र लग्ने फ्रान्समध्ये आपल्याकडच्या आंतरजातीय लग्नांपेक्षा कितीतरी जास्त होतात. तिथे मुलीच्या भावांनी तिच्या प्रियकराला संपवले अशी बातमी दर महिन्याला येत नाही. 'सैराट'चा शेवट तिथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागेल, आपल्याला नाही. फ्रान्समधली भिंत प्रेमाइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाकांक्षेपाशी उभी आहे: कोणत्या शाखेत जायचे, मुलाखतीला कोणता पत्ता लिहायचा, रस्त्यात ओळखपत्र कोणाला मागायचे. आणि ही भिंत मोजताही येत नाही, कारण तिथला कायदा जनगणनेत वंश विचारू देत नाही. 'प्रजासत्ताकाला रंग दिसत नाही' ही त्यांची अभिमानाची गोष्ट. जातनिहाय जनगणनेची मागणी केली की 'तुम्हीच जातिवाद वाढवता' हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा अभिमान ओळखीचा वाटेल.

'लेस्कीव्ह'ला 2005 मध्ये फ्रान्सची सर्वोच्च सेझार पारितोषिके मिळाली, उत्कृष्ट चित्रपटासह चार. लिदिया झालेली सारा फोरेस्तिए त्या दिवसापासून नामवंत अभिनेत्री झाली. क्रिमो झालेला ओस्मान एल्खर्राझ पुढे काम मिळत नाही म्हणून भरकटला, रस्त्यावर राहिला आणि त्याची कहाणी त्याने स्वतःच पुस्तकात लिहिली. एकाच चित्रपटातले हे दोन रस्ते फुटले ते निव्वळ गुणवत्तेमुळे, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

ती पारितोषिके मिळाली त्याच वर्षी, 27 ऑक्टोबर 2005 ला, क्लिशी-सू-ब्वामध्ये झिएद बेन्ना आणि बूना त्राओरे ही सतरा आणि पंधरा वर्षांची मुले फुटबॉल खेळून परतताना पोलिसांना घाबरून वीज केंद्रात लपली आणि विजेच्या धक्क्याने मेली. तीन आठवडे देश पेटला. सरकारने आणीबाणी लावली ती 1955 च्या कायद्याखाली. अल्जीरियाच्या युद्धासाठी केलेला कायदा त्याच लोकांच्या नातवंडांवर बाहेर काढला गेला. पोलिसांवरचा खटला दहा वर्षे रखडला आणि 2015 मध्ये ते निर्दोष सुटले.

पण 2005 ने दुसरेही काही घडवले. उदा बेन्यामिना या मोरोक्कन घरातल्या मुलीने 2006 मध्ये 'मिल व्हिझाझ', म्हणजे हजार चेहरे, ही संस्था साथीदारांबरोबर सुरू केली. वस्तीतल्या मुलांना चित्रपटाचे शिक्षण देणे हे तिचे काम. शाळेने उदाला केशरचनेच्या अभ्यासक्रमात ढकलले होते. तिने 2016 मध्ये 'दिव्हीन' केला. दुनिया आणि मैमुना या दोन मैत्रिणी. शाळेत दुनियाला रिसेप्शनिस्टचे शिक्षण दिले जाते, हसून 'नमस्कार' कसा म्हणायचा याचा सराव. ती बाईंना विचारते की तुम्हाला स्वतःला किती पगार मिळतो, आणि वर्ग सोडून जाते. या प्रसंगाशेजारी सेलिन सियामाच्या 2014 च्या 'बाँद द फीय'मधला प्रसंग ठेवून पाहावा. मारिएमला पुढच्या साध्या शाळेत जायचे आहे, समोरची बाई तिला व्यवसाय शिक्षणाकडे वळवते. बाईचा फक्त आवाज येतो, चेहरा दाखवलेलाच नाही. 'तुझ्यासाठी हेच बरे' असे सांगणाऱ्या मास्तरांचे चेहरे आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असल्याने ती जागा आपोआप भरते.

सियामा गोरी आहे आणि तिच्यावर त्याबद्दल टीका झाली. टीका रास्त आहे, पण तिने पाहिलेली एक गोष्ट आतल्या पुरुष दिग्दर्शकांनी पाहिली नव्हती. चित्रपटाच्या सुरुवातीला मुली खेळून परत येतात, मोठमोठ्याने गप्पा मारत. वसाहतीत शिरल्यावर जिथे जिथे पोरे बसलेली असतात तिथे त्यांचे आवाज खाली जातात. कोणी काही बोललेले नसते. पुढे मारिएम आपल्या मर्जीने एका मुलावर प्रेम करते तेव्हा तिचा भाऊ तिला मारतो, घराण्याचे नाव खराब केले म्हणून. पोलीस बाहेर आहेत, पहारेकरी घरात आहे. 1916 चा निबंध इथे दुसऱ्यांदा काढावा लागतो, आणि या वेळी तो आपल्याच वस्तीकडे तोंड करून वाचावा लागतो.

बेन्यामिनाच्या चित्रपटात मैत्री प्रेमापेक्षा मोठी आहे. दुनियाला पैसा हवा आहे, ताबडतोब हवा आहे, आणि त्याची किंमत मैमुना जिवाने देते. आगीत ती अडकलेली असताना अग्निशमन दलाचे लोक पोलीस आल्याशिवाय आत जायला तयार नसतात, कारण वस्ती 'धोक्याची' आहे. या चित्रपटाला कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीचा 'सुवर्ण कॅमेरा' मिळाला.

मग लाज ली. आईवडील मालीचे, स्वतः मोंफेरमेयचा. व्हिक्टर ह्यूगोने आपल्या कादंबरीतली लहानगी कोझेत जिथे राबताना दाखवली तेच हे गाव. ली आणि त्याचे मित्र तरुणपणापासून 'कूर्त्राझमे' या गटात छोटे चित्रपट करत होते. 2005 च्या दंगलीत सगळ्या वाहिन्या बाहेरून चित्रण करत होत्या, तो आतून करत होता. वस्तीत पोलीस आले की तो कॅमेरा घेऊन उतरायचा. 2008 मध्ये पोलिसांनी एका तरुणाला केलेली मारहाण त्याने टिपली आणि त्या चित्रफितीमुळे कारवाई झाली. 2019 च्या त्याच्या 'ले मिझेराब्ल'मध्ये पोलिसाने मुलाच्या तोंडावर झाडलेली रबरी गोळी एका चष्मेवाल्या पोराच्या ड्रोनमध्ये टिपली जाते आणि मग सगळी धावपळ त्या चित्रफितीसाठी होते. तो पोरगा म्हणजे लीचा स्वतःचा मुलगा. त्या आधी तो ड्रोन मुलींच्या खिडक्यांत डोकावत असतो, हे आवर्जून लक्षात ठेवावे. ज्याच्या हातात कॅमेरा आला तो लगेच न्यायी होतो असे ली म्हणत नाही. चित्रपटाला कानमध्ये ज्युरी पारितोषिक आणि 2020 मध्ये उत्कृष्ट चित्रपटाचे सेझार मिळाले. त्याच सेझार समारंभात अभिनेत्री आसा माइगा हिने मंचावरून सभागृहातले काळे लोक मोजले. मोजणे फार लवकर संपले.

हे सगळे नुसत्या प्रतिभेवर झाले, असे कोणी समजू नये. फ्रान्समध्ये 1948 पासून प्रत्येक चित्रपटाच्या तिकिटावर एक कर आहे. आज तो सुमारे पावणेअकरा टक्के आहे आणि तो हॉलिवूडच्या चित्रपटावरही लागतो. तो पैसा सरकारच्या चित्रपट केंद्रामार्फत फ्रेंच चित्रपटांकडे जातो. 1959 पासून चित्रपट बनण्याआधीच उचल देण्याची पद्धत आली. 2005 च्या आगीनंतर 2007 मध्ये 'विविधतेच्या प्रतिमा' नावाचा वेगळा निधी निघाला. मोर्चे आणि दंगली झाल्यावरच दारे किलकिली झाली, पण दारामागे पैसा होता म्हणून आत जाता आले. आपल्याकडे पोरांना सांगितले जाते की मोबाइल आहे ना, त्यावर काढा चित्रपट.

लीने 2018 मध्ये मोंफेरमेयमध्ये चित्रपटाची शाळा काढली. फी नाही, पदवीची अट नाही. पुढे मार्सेयमध्ये दुसरी निघाली आणि 2022 मध्ये डाकारमध्ये तिसरी. व्हियेराच्या मित्रांना ज्या आफ्रिकेत कॅमेरा लावायला परवानगी नव्हती, तिथेच.

अभ्यासवर्गात यातले काय दाखवावे, असे कार्यकर्ते विचारतात. आमचा सल्ला आहे की 'ला एन'पासून सुरुवात करू नका, पोरे पिस्तुलातच अडकतात. आधी शारेफ, मग 'लेस्कीव्ह', आणि 'बाँद द फीय' मुलामुलींना एकत्र बसवून. इंग्रजी उपशीर्षके वाचायला अडचण येते, म्हणून एखाद्याने आधी पाहून ठेवावे आणि मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगावे. दोन तासांचा चित्रपट तीन तास चालतो, तेवढा वेळ धरूनच बोलवावे.